कुंची: पाऊण मीटर खण आणि मानेखालची शिवण

झबलं, टोपडं, दुपटं, बाळोतं, कुंची. बाळंतविड्यातल्या या नावांपैकी कुंची, म्हणजे टोपी आणि मानेखाली उतरणारा घेर एकत्र शिवलेलं बाळाचं वस्त्र, आता बारशाच्या फोटोपुरतीच उरलीय. इंग्रजांकडे लहान मुलाच्या टोपडीला 'बिगिन' म्हणत. तो शब्द फ्रेंच 'बेगँ'वरून आलेला, आणि आता शब्दकोशातच सापडतो. आपल्याकडे निदान वस्तू शिल्लक आहे, पण बाजारातली तयार कुंची घातली की बाळ का रडतं, हे कुणी पाहत नाही. दोष बहुतेक वेळा मानेखालच्या शिवणीत असतो.

कापड आधी. सांगली-मिरजेत मिळणारा खण मूळचा बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा. पाऊण मीटर घ्या, पन्हा (कापडाची रुंदी) किमान 30 इंच, आणि काठ इंच-दीड इंच रुंद, कारण अर्धा इंच शिवणीत जातो. अस्तराला तेवढीच पांढरी मलमल. मलमल भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापायची. न धुता लावली की पहिल्या धुण्यात ती आटते, खण तेवढा आटत नाही, आणि कुंची फुग्यासारखी होते. खणाच्या कोपऱ्यावर ओलं पांढरं फडकं चोळून रंग सुटतो का पाहा. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो, हा समज सोडून द्या. सुटणारा खण बाळासाठी घेऊच नका.

कापणी लांबीच्या दिशेने करायची. एका काठाकडून 23 इंच लांब, 16 इंच रुंद तुकडा: हा घेर, काठ खाली येतो. समोरच्या काठाकडून 14 बाय 7 चा तुकडा: ही टोपी, काठ कपाळावर येतो. अशा कापणीत नक्षी आडवी पडते, म्हणून चारी बाजूंनी सारखी दिसणारी बुट्टी निवडा.

टोपीचा तुकडा मधे दुमडून 7 बाय 7 करा, काठासमोरची बिनकाठाची बाजू शिवा. मागे टोक निघतं, तीच कुंचीची ओळख. शिवणी अर्धा इंच धरल्या तर मानेचा घेर 12 इंच होतो. खालचा घेर दोन्ही कडा मुडपून 22 उरतो, म्हणजे 10 इंच चुण्यांत मुरवायचं.

इथेच शिंपी घाई करतो. दोरा ओढून सगळीकडे सारख्या चुण्या घालतो, आणि नेमका जाड गोळा मानेमागे बसतो. बाळ तर उताणं निजलेलं. म्हणून मागे मधोमध 2 इंच आणि पुढे दोन्हीकडे एकेक इंच सपाट सोडा. उरलेल्या दोन 4 इंची भागांत प्रत्येकी पाच चुण्या, प्रत्येक चुणी अर्धा इंच खोल. खण ताठ असतो, त्यामुळे दोरा ओढण्यापेक्षा चुण्या बोटांनी दुमडून कच्चा टाका घालावा, मग टीप. शिवणीतले थर एकावर एक न ठेवता कमी-जास्त रुंदीवर कापा. सगळे सारखे कापले तर शिवणीची उभी धार मानेला टोचते. अस्तर वेगळं शिवून आत बसवा, तळाशी चार बोटं उघडं ठेवून उलटा, मग हाताने बंद करा.

ही मापं साधारण तीन महिन्यांपर्यंतची, म्हणजे डोक्याचा घेर 40 सेंटिमीटरच्या आसपास. बारशाला थोडी सैल बसेल, ते बरंच.

बंद हनुवटीखाली बांधायला प्रत्येकी 7 इंच पुरे. लांब बंद गळ्याभोवती गुंडाळले जातात. टिचबटण, मोती, घुंगरू नको. सुटलं की थेट तोंडात जातं. टोकाला गोंडा हवाच असेल तर लोकरीचा, आतून दुहेरी टाके घालून.

आणि बाळ झोपलं की कुंची काढायचीच. खण हवा खेळू देत नाही, डोकं तापतं, आणि कपाळावरचा काठ घसरून नाकावर येतो.