डनॉलीची लाल घळ आणि 70 डॉलरचा चुंबक

‘चुंबकाला चिकटलं की फेकून द्या, सोनं चिकटत नाही,’ असं मेटल डिटेक्टरने सोनं शोधायला निघालेल्या मला दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं आणि टिकावाला बसवायच्या चुंबकाचे 70 डॉलर घेतले. मेलबर्नमध्ये घराजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात तसाच चुंबक पाव किमतीला मिळतो. पैशाचं एक वेळ जाऊ द्या, पण तो सल्ला अर्धवट आहे आणि अर्धवट असल्यामुळेच घातक.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या ‘गोल्डन ट्रँगल’ या सोन्याच्या पट्ट्यात मोलियागुल गावचा दिवस सोपा गेला. 1869 साली ‘वेलकम स्ट्रेंजर’ हा सत्तरएक किलोचा सोन्याचा गोळा तिथेच, जमिनीखाली जेमतेम इंचभर सापडला होता. खरा कस लागला तो डनॉलीजवळच्या एका लाल घळीत. जमिनीवर लोहाचे खडे पसरलेले, आपल्या जांभ्याच्या चुऱ्यासारखे. डिटेक्टर पावलोपावली कण्हतो. त्यात दीडशे वर्षांपूर्वीच्या खाणकामगारांचे बुटांचे खिळे, घोड्यांचे नाल, तारा. दुपारपर्यंत कमरेचा काटा ढिला झाला.

इथे चुंबक खरंच तारतो. डिटेक्टर वाजला की बुटाने वरची माती सरकवा आणि पुन्हा तपासा. आवाज मातीबरोबर सरकला, तर तो ढीग पसरून त्यातून चुंबक फिरवा. निम्म्याहून जास्त वेळा गंजका खिळा टुपकन चिकटतो आणि पुढचं खणणं वाचतं. चुंबकावर आधी प्लास्टिकची पिशवी चढवा. ती उलटी करून काढली की चिकटलेली काळी, लोहयुक्त वाळू एका झटक्यात सुटते, नाहीतर नखांनी खरवडत बसावं लागतं. काढलेलं लोखंड खिशात टाका, तिथेच फेकू नका. पुढच्या माणसाचा डिटेक्टर त्यावरच वाजणार आहे.

चुंबकाला काहीच चिकटलं नाही, म्हणून हुरळून जाऊ नका. शिशाचे छर्रे, गोळ्या, ॲल्युमिनियम यांनाही चुंबक ओढत नाही.

आता दुकानदाराने न सांगितलेली गोष्ट. शुद्ध सोनं चिकटत नाही हे खरं, पण लोहाच्या खड्यात अडकलेलं सोनं खड्यासकट चिकटतं. त्यामुळे चिकटलेला दगड सरसकट भिरकावू नका. डिटेक्टरच्या कॉइलवरून, म्हणजे खालच्या चकतीवरून, फिरवा. बाकीच्यांपेक्षा स्पष्ट, टोकदार वाजला किंवा हाताला आकाराच्या मानाने जड लागला, तर पिशवीत टाका आणि घरी फोडून बघा. लोहाला गारगोटी चिकटलेली दिसली तर हमखास ठेवा.

घेताना स्टीलच्या वाटीत बसवलेला, मधे स्क्रूचं भोक असलेला निओडिमियम चुंबक घ्या. नुसता उघडा चुंबक ठिसूळ असतो, टिकावाच्या घावांनी तडकतो. तो टिकावाच्या बाजूला बसवा, घाव बसतो तिथे नाही. तपासताना टिकाव कॉइलपासून लांब ठेवा, नाहीतर तोच वाजत राहतो. पेसमेकर असलेल्याने मात्र हा चुंबक वापरायचाच नाही.

निघण्याआधी मायनर्स राइट, म्हणजे सोनं शोधायचा परवाना, काढा, तो 10 वर्षं चालतो. बहुतेक नॅशनल पार्कमध्ये डिटेक्टर चालत नाही, काही नॅशनल आणि स्टेट पार्कचे ठरावीक भागच खुले असतात, म्हणून नकाशा आधी बघून घ्या. खणलेला खड्डा बुजवल्याशिवाय जागा सोडायची नाही. उन्हाळ्यात जाऊच नका: माश्या, साप आणि तापलेली माती. त्या घळीत मी पुन्हा जाईन, पण थंडीतच, आणि हार्डवेअरच्या दुकानातला चुंबक घेऊन.