बेळगावचे दोन सी फॉर्म आणि आमची अभय योजना

भवानी पेठेत आमचं नळ, फिटिंग आणि सॅनिटरी सामानाचं दुकान आहे. अण्णांनी सुरू केलं, आता मी बघतो. ९ मार्च २०२३ला राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला, त्या संध्याकाळी मी गोडाउनमध्ये माल मोजत असताना आमच्या करसल्लागारांचा फोन आला. "शेठ, जुन्या थकबाकीला परत अभय योजना आलीय. या वेळी सोडू नका."

अभय योजना म्हणजे जुन्या कराच्या थकबाकीचा काही भाग भरायचा आणि बाकीची माफ. आमची विक्रीकराची थकबाकी २०११-१२ सालची होती. बेळगावच्या एका व्यापाऱ्याला आम्ही त्या वर्षी दोन तिमाहींत मिळून १४ लाखांचा माल पाठवला होता. जीएसटीच्या आधी धंदा केलेल्यांना सी फॉर्म सांगायला नको, पण नव्या मुलांसाठी लिहितो. परराज्यातल्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला माल विकला की केंद्रीय विक्रीकर २ टक्केच लागायचा; अट एकच, त्याने आपल्या राज्याच्या खात्याकडून सी फॉर्म घेऊन आपल्याला पाठवायचा. एका तिमाहीला एक फॉर्म. तो आला नाही तर विक्री आपल्या राज्याच्या पूर्ण दराने धरली जायची. आमच्या मालाला तो दर साडेबारा टक्के होता. गिऱ्हाइकाकडून आपण दोनच टक्के घेतलेले असायचे, वरचे साडेदहा आपल्या खिशातून.

त्या दोन तिमाहींचे फॉर्म आलेच नाहीत. अण्णा दोनदा बेळगावला जाऊन आले. दुसऱ्या वेळी दुकानाचं शटर बंद, शेजारी म्हणाले, धंदा गुंडाळला. मार्च २०१६ला आमची असेसमेंट ऑर्डर, म्हणजे किती कर भरायचा ते ठरवणारा खात्याचा आदेश, निघाली. कर १,४७,००० आणि त्यावर दरमहा सव्वा टक्का दराने ४८ महिन्यांचं व्याज ८८,२००. एकूण २,३५,२०० रुपये. माल खरा, बिलं खरी, ट्रान्सपोर्टच्या पावत्या खऱ्या. कागद दुसऱ्याने द्यायचा होता आणि भुर्दंड आम्हाला. मला आजही हे अन्यायाचंच वाटतं.

आम्ही अपील केलं. ते पडून राहिलं. दरम्यान १ जुलै २०१७ला जीएसटी आला. त्याआधी १ एप्रिल २०१३ला पुण्यातली जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला होता आणि १ ऑगस्ट २०१५ला तोही ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला माफ झाला होता. कर बदलत गेले, आमची फाइल मात्र तशीच होती.

खरं तर २०२२च्या अर्थसंकल्पातही अशीच योजना होती. दहा लाखांपर्यंतच्या थकबाकीला २० टक्के एकरकमी भरून सुटका, मुदत ३० सप्टेंबरपर्यंत. तेव्हा आम्ही गेलो नाही, कारण योजनेत जायचं तर अपील बिनशर्त मागे घ्यावं लागत होतं. अण्णांचं म्हणणं, "अपील मागे घेतलं म्हणजे आपण चोरी केली असं होईल. मी नाही सही करणार." मी जोर केला नाही.

पुढच्या वर्षी मात्र बँकेत गाडी अडली. सीसी लिमिट, म्हणजे धंद्याच्या खेळत्या कर्जाची मर्यादा, वाढवून हवं होतं आणि आमच्या ताळेबंदाच्या खाली दरवर्षी एक ओळ छापलेली असायची, विक्रीकराची वादातली मागणी २,३५,२००. मॅनेजर दर वेळी त्या ओळीवर पेन टेकवायचे. मी अण्णांना तो कागद दाखवला. ते बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "तुझा धंदा आहे आता. तुला योग्य वाटतं ते कर."

२०२३च्या योजनेत एका वर्षाची थकबाकी २ लाखांच्या आत असेल तर पूर्ण माफ होती, त्याच्या वर ५० लाखांपर्यंत २० टक्के भरायचे. आम्ही रेषेच्या ३५,२०० रुपये पलीकडे होतो. आमच्या ओळीतल्या एका दुकानदाराची मागणी १,९०,०००ची होती, त्यांना एक रुपया लागला नाही. आणि दुसऱ्या एकांनी २०१६लाच एफडी मोडून पूर्ण रक्कम भरली होती. ते मला म्हणाले, "आम्ही वेळेवर भरलं, आमचं काय?" त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

मुदत १ मे ते ३१ ऑक्टोबर. मी गणपती होऊ दिले आणि चूक केली. दसऱ्याच्या आठवड्यात दुकानात गर्दी आणि इकडे ऑर्डरची प्रत, डिमांड नोटीस, अपील मागे घेतल्याचं पत्र, सगळं गोळा करायचं. शेवटी चलन. भरायचे होते ४७,०४०. सल्लागारांच्या ऑफिसातला मुलगा कॉम्प्युटरवर माहिती भरत होता, अण्णा शेजारी बसले होते. जुना टिन नंबर, म्हणजे व्यापाऱ्याचा करनोंदणी क्रमांक, २७ने सुरू व्हायचा; राज्याच्या व्हॅटला शेवटी व्ही आणि सीएसटीला, म्हणजे केंद्रीय विक्रीकराला, सी. अण्णा स्क्रीनला बोट लावून एकेक आकडा वाचत होते. शेवटच्या अक्षरावर थांबले. "अरे बाळ, हे व्ही आहे. आपली ऑर्डर सीएसटीची आहे." मुलाने सवयीने व्हॅट निवडलं होतं. पैसे चुकीच्या कायद्याखाली गेले असते तर ते दुरुस्त करण्यात मुदत निघून गेली असती. कोणी या वाटेने जाणार असेल तर एवढं लक्षात ठेवा: चलन भरण्याआधी ऑर्डरचा पहिला कागद समोर ठेवा आणि कोणत्या कायद्याखाली आहे ते मोठ्याने वाचा.

त्याच अर्थसंकल्पात आमच्या काउंटरवरच्या दोघींना फायदा झाला. महिलांना व्यवसाय करातून सूट महिना १० हजारांच्या पगारापर्यंत होती, ती २५ हजारांपर्यंत नेली. दोघींचे पगार त्याच्या आत. हा कर पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापला जायचा, म्हणजे वर्षाचे २,५०० प्रत्येकीचे वाचले. पहिल्या महिन्यात एकीने विचारलं, "दादा, पगारात २०० जास्त आलेत, चुकून का?" मी स्लिप दाखवून समजावलं. अशी गोष्ट मालकाने सांगितली नाही तर कामगाराला कळतच नाही, म्हणून आता अर्थसंकल्प झाला की सल्लागारांना मी स्वतः फोन करतो.

आमचा अर्ज मंजूर झाल्याची ऑर्डर आली. अण्णांनी तिची झेरॉक्स काढायला लावली आणि बेळगावच्या बिलांच्या फाइलला टाचणी मारली. मार्च २०२४च्या ताळेबंदात सीएंनी ती ओळ काढून टाकली, आणि पुढच्या रिन्यूअलला लिमिट वाढून मिळालं.