तुम्ही विचारलंत म्हणून: पोलिसांचं वायरलेस ऐकू येतं का?

खाली माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आणि वर गच्चीवर अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची अँटेना. सांगली-मिरज रस्त्यावरून येताजाता ती कुणालाही दिसते. त्यामुळे जळकी मोटार घेऊन आलेला शेतकरी असो की शेजारच्या क्लासची पोरं, चहा येईपर्यंत प्रश्न येतोच. "काय ओ, यावर पोलिसांचं बोलणं ऐकू येतंय काय?"

मी ऐकत नाही. एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

मी हॅम आहे, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाला. केंद्राच्या दूरसंचार खात्याची परीक्षा देऊन हा परवाना मिळतो. वयाची बारा वर्षं पूर्ण असली की परीक्षेला बसता येतं. पास झालं की व्हीयू२ किंवा व्हीयू३ने सुरू होणारं स्वतःचं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव, मिळतं. आम्हाला लहरींचे ठरावीक पट्टे नेमून दिलेले आहेत. हातातल्या छोट्या सेटसाठी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, लांबच्या गप्पांसाठी ७ मेगाहर्ट्झच्या आसपास, असे आणखी काही. पोलिसांच्या लहरी आमच्या पट्ट्याबाहेर आहेत आणि तिकडे कान लावायची परवानगी आम्हालाही नाही. एखादं बोलणं चुकून कानावर पडलंच, तर त्यातला मजकूर कुणाला सांगायचा नाही, हे आम्हाला पहिल्यापासून शिकवलं जातं.

कायदा जुना आहे. परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगायला १९३३च्या कायद्यानेच बंदी घातली. घरातल्या थोरल्यांना विचारा, साध्या रेडिओसाठीसुद्धा पोस्टात पैसे भरून लायसन्स काढावं लागायचं. ते गेलं, पण दुसऱ्याचे संदेश चोरून ऐकण्याची मुभा कधीच मिळाली नाही. २०२३च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. ऑनलाइन स्वस्तात मिळतोय म्हणून वॉकीटॉकी मागवणाऱ्या पोरांना मी हे दोनदा सांगतो. विनापरवाना वापरता येतात ते ४४६ मेगाहर्ट्झवरचे कमी ताकदीचे सेट. बाकीच्या बहुतेकांना कागद लागतो.

मग पोरं मोबाइल पुढे करतात. त्यावर अमेरिकेतला कुणीतरी टेबलावर स्कॅनर, म्हणजे लहरी शोधून ऐकवणारा रेडिओ, ठेवून आपल्या गावच्या पोलिसांचं बोलणं ऐकत बसलेला असतो. ते खोटं नाही. तिथे १९८६च्या कायद्याने पोलीस-अग्निशमनाचं उघडं, सांकेतिक न केलेलं प्रक्षेपण ऐकायला सर्वसाधारणपणे मोकळीक ठेवली आहे. माणसं नकाशावर गस्तीचे भाग आखतात, कुठल्या गाडीचा नंबर कुठल्या भागाचा हे पाठ करतात. पण आता तिथेही मोठी शहरं आवाज सांकेतिक करू लागलीत, न्यूयॉर्कने २०२३पासून सुरुवात केली. ब्रिटनमध्ये तर हे ऐकणं आधीपासूनच बेकायदा आहे. थोडक्यात, त्यांचा छंद त्यांच्या कायद्यावर उभा आहे. तो उचलून सांगलीत आणता येत नाही.

पण मी ऐकत नाही ते केवळ कायद्याला भिऊन नाही. त्यामागे एक संध्याकाळ आहे.

१९९३ साल, गणपतीचे दिवस, मी नववीत. गणपती पेठेत बंदोबस्ताची जीप उभी असायची आणि तिच्यातल्या वायरलेसने मला वेड लावलं होतं. आधी खरखर, मग 'खट्', मग माणसाचा आवाज. मी तासन् तास जीपजवळ रेंगाळायचो. त्या संध्याकाळी अंकली पुलाजवळ मोटारसायकलचा अपघात झाल्याचा निरोप आला. गाडीचा नंबर सांगताना शेवटी ऐकू आलं, "चौदा सदतीस". आमच्या शेजारच्या काकूंच्या थोरल्याची राजदूत चौदा सदतीस. तो रोज त्याच पुलावरून जयसिंगपूरला कामाला जायचा.

मी धावत घरी गेलो आणि सांगून टाकलं. काकू पोळ्या लाटत होत्या. पिठाच्या हातांनी तशाच जिन्यावर बसल्या, एका हाताने कठडा धरून. गल्लीतली दोन माणसं सायकली काढून सिव्हिलकडे निघाली. रात्री नऊ वाजता थोरला स्वतःच आला. हँडलला भाजीची पिशवी, वाटेत पंक्चर झालं म्हणून उशीर. वायरलेसवर सांगितलेला नंबर चौदा सदुसष्ट होता. काकू मला एक शब्दही बोलल्या नाहीत. उठून त्यांनी कठड्याला लागलेलं पीठ पुसलं आणि आत गेल्या.

सदुसष्टच्या घरीही त्या रात्री कुणीतरी निरोप घेऊन गेलं असणार. तो तरी सरळ, खात्री करून, जवळच्या माणसाने सांगितलेला असू दे, असं मला अजून वाटतं.

पुढे हॅमच्या परीक्षेची तयारी करताना कळलं की रेडिओवर आकडा सुटासुटाच सांगायचा: सदतीस नाही, तीन-सात. आपल्या भाषेत तर ही शिस्त जास्तच लागते. सत्तावीस, सदतीस, सत्तावन्न, सदुसष्ट हे शब्द खरखरीतून ऐकून बघा, कान हमखास फसतो. ज्याच्यासाठी संदेश असतो तो उलट विचारून खात्री करून घेतो. चोरून ऐकणारा कुणाला विचारणार?

तरीही तुमच्या प्रश्नातलं कुतूहल मला पटतं. पोलीस आपल्या भागात कसे फिरतात, कुणाला कोण पाठवतं, हे जाणून घेण्यात काही गैर नाही. उलट ते माहीत असायलाच हवं आणि त्यासाठी रेडिओ लागत नाही. मूळ शब्द आहे हद्द. आपल्या शहरांतच बघा: सांगली शहर, विश्रामबाग, संजयनगर, पलीकडे मिरज शहर, महात्मा गांधी चौक, कुपवाड एमआयडीसी, प्रत्येक ठाण्याची हद्द वेगळी. हद्दीचे तुकडे म्हणजे बीट आणि बीट सांभाळणारा तो बीट अंमलदार. गावाकडे लांबच्या भागाला दूरक्षेत्र, म्हणजे ठाण्याची चौकी, असतं आणि गावात पोलीस पाटील असतो, त्याचा कायदा १९६७चा. आपला बीट अंमलदार कोण हे ठाण्यात जाऊन विचारा, सांगतात. रात्रगस्तीच्या खुणाही डोळ्यांसमोर असतात. सराफ कट्ट्यावर, बँकेच्या दारात अडकवलेली वही बघा, गस्तीवरचा शिपाई त्यात वेळ घालून सही करतो. मी सकाळी दुकान उघडायला जाताना अशी एक वही उघडून बघतो. २.१०, ४.३५. त्या वेळी मी झोपलेलो होतो.

शिवाय बोलावणं आता पूर्वीसारखं फक्त आवाजावर चालत नाही. महाराष्ट्रात २०२१पासून ११२ सुरू आहे. तुम्ही मिरजेतून फोन लावला तरी तो आधी उचलला जातो नवी मुंबईच्या केंद्रात, नाहीतर नागपूरच्या. तिथून माहिती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे येते आणि जवळच्या गाडीतल्या पडद्यावर पत्त्यासकट उमटते. वायरलेस आहेच, बंदोबस्तात आणि मोबाइल बंद पडल्यावर त्यालाच पर्याय नाही. या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. माझ्या दुकानातून हातातला सेट चार-पाच किलोमीटरवर दमतो, तोच दंडोबाच्या डोंगरावर नेला की लांबलांबचे हॅम स्पष्ट बोलतात. म्हणून संदेश पुढे फेकणारी रिपीटर यंत्रं उंचावर बसवतात.

ऑगस्ट २०१९च्या कृष्णेच्या पुरात हा प्रश्न सगळ्यात कळवळून विचारला गेला. आयर्विन पुलाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ आणि पाणी ५७च्या वर गेलेलं. वीज नव्हती, मोबाइल मान टाकत होते. "पोलिसांचं लावा की, पाणी कुठवर येणार ते तरी कळेल," असं माणसं अक्षरशः हात जोडून म्हणत होती. मी भावाच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली आणि सेट आमच्याच पट्ट्यावर लावला. कराडचा एक हॅम कोयनेच्या विसर्गाचे जाहीर झालेले आकडे वाचून दाखवायचा, मी ते सुटेसुटे लिहून घ्यायचो, परत वाचून खात्री करायचो आणि जिन्यात फळ्यावर मांडायचो. चार-पाच घरांची खुशाली त्याच्यामार्फत बाहेरगावी पोचली. बचावाच्या बोटी त्याच वेळी पोलिसांच्या वायरलेसवर चालल्या होत्या. त्यात कुणाचं नाव, कुणाचा पत्ता येत असेल याची मला कल्पना होती. त्या दिवसांत तर ते ऐकावंसं मुळीच वाटलं नाही.

ज्याला खरंच लहरी पकडायच्या आहेत त्याने रविवारी गच्चीवर यावं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक चारशे किलोमीटरवरून जातं, डोक्यावरून गेलं तर जेमतेम दहा मिनिटं मिळतात. १४५.८०० मेगाहर्ट्झवर कधीकधी तिथून चित्रं सोडतात. चिवचिवाटासारखा आवाज येतो आणि पडद्यावर एकेक ओळ उमटत जाते. तेव्हा पोरं श्वास घ्यायची थांबतात.

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला मी कोल्हापूरहून परतत होतो. अंकली पुलाच्या अलीकडे उसाची रिकामी ट्रॉली आडवी झाली होती आणि एक दुचाकीवाला रस्त्यात पडलेला. मी ११२ लावला. समोरची बाई कुठे बसलीय हे माहीत होतं, तिला अंकली कशी कळणार? म्हणून आधी जिल्हा सांगितला, मग तालुका, मग पूल. पुलाचं हे टोक सांगलीचं, ते कोल्हापूरचं. मी उदगावच्या बाजूला होतो, म्हणून जिल्हा कोल्हापूर, तालुका शिरोळ. दुचाकीचा नंबर तिने विचारला. एकेक आकडा सांगितला, तिने परत वाचला, मी हो म्हटलं.

गाडी आली. मुलाला उचलून आत घेतलं, तो बोलत होता. जीपचं दार उघडंच होतं. आतला वायरलेस खरखरला, 'खट्' वाजलं आणि कुणीतरी नाव-गाव विचारू लागलं. मी माझी गाडी ढकलत रस्त्याच्या पलीकडे नेली आणि तिथे थांबलो.