गिरगावचा बॅकअप आणि गायब होणारं एक इक्वल

आधी मुद्दा सांगते, प्रवास नंतर. तुमच्या बॅश स्क्रिप्टची कॉन्फिग फाईल 'नाव=किंमत' अशा ओळींची असेल, ती वाचायला आयएफएसमध्ये (ओळ कुठल्या चिन्हावर तोडायची ते सांगणारं शेलचं व्हेरिएबल) इक्वल, म्हणजे '=' हे चिन्ह, टाकून 'रीड' वापरलं असेल आणि पासवर्डच्या शेवटी एकच इक्वल असेल, तर ते इक्वल स्क्रिप्टच्या आत पोचत नाही. दोन असतील तर दोन्ही पोचतात. एकही नसेल तर प्रश्नच नाही. एकटं असेल तर मात्र हमखास जातं, आणि कुठेही एरर येत नाही.

एवढं कळून दुरुस्त करायला माझे दोन रविवार गेले आणि त्याआधी एका वाचनालयाचे ६,८०० रुपये गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहितेय. टर्मिनल, गिट आणि थोडंफार बॅश येतं असं धरून चाललेय. येत नसेल तर आधी ते शिका, मग या वाटेला या.

गिरगावातलं एक जुनं वाचनालय आहे. तिथे जुने दिवाळी अंक स्कॅन करून ठेवलेत. रोज रात्री एक छोटी ओपन-सोर्स शेल स्क्रिप्ट त्या फायली गोळा करते, जीपीजी या एन्क्रिप्शनच्या साधनाने कुलूपबंद करते आणि बाहेरच्या सर्व्हरवर पाठवते. किल्ली, म्हणजे पासवर्ड, कॉन्फिग फाईलमध्ये असते आणि तीच किल्ली एका कागदावर लिहून लोखंडी कपाटात ठेवलेली असते, मशीनच गेलं तर असावी म्हणून. व्यवस्था चांगली आहे. मीच सुचवली होती, आणि आजही तीच सुचवेन.

जूनमध्ये किल्ली बदलली. सप्टेंबरमध्ये एक फोल्डर चुकून उडालं, म्हणून बॅकअप उघडायला घेतला, तर कागदावरची किल्ली लागेना. स्क्रीनवर ओळ यायची, 'डिक्रिप्शन फेल्ड: बॅड सेशन की'. एका दुकानदाराने त्यातला 'बॅड' शब्द धरला, डिस्क गेली म्हणून सांगितलं, नवीन डिस्क बसवली आणि ६,८०० घेतले. बॅकअप नव्या डिस्कवरही उघडेना. 'बॅड सेशन की'चा डिस्कशी काडीचा संबंध नाही. जीपीजीच्या पासवर्डने बंद केलेल्या फाईलला चुकीचा पासवर्ड दिला की हीच ओळ येते. ही ओळ दिसली तर कोणालाही डिस्क उघडू देऊ नका. आधी फाईलचा शा-२५६ (मजकुरावरून निघणारा फाईलचा ठसा) काढा, सर्व्हरवरच्या प्रतीचा काढा आणि जुळवून बघा. मी जुळवले, तंतोतंत एकच होते. फाईल धडधाकट होती.

पहिला रविवार. मी कांजुरमार्गची. माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक होता आणि मी निघण्याआधी बघितला नाही. ब्लॉकमध्ये स्लो गाड्या फास्ट ट्रॅकवर वळवल्या की कांजुरमार्गला थांबत नाहीत. भांडुपपर्यंत रिक्षा केली. रिक्षावाल्याने मीटर टाकायला नकार दिला आणि सरळ शंभर सांगितले. २०२५ च्या फेब्रुवारीत किमान भाडं २६ रुपये झालं होतं, त्या हिशेबाने मीटरने निम्म्याच्या आसपास झाले असते. घाईत दिले, देऊ नका. दादरला गाडी बदलून चर्नी रोडला उतरले तेव्हा घर सोडून दोन तास झाले होते. रविवारी अशा कामाला जाणार असाल तर ब्लॉक सुरू व्हायच्या आत दादर गाठा, नाहीतर शनिवारी जा. चर्नी रोडवरून पुढे टॅक्सी नको, पायी जा.

वाचनालयात ग्रंथपालबाईंनी कपाटातून लिफाफा काढला. वहीच्या पानावर चौकोनी, सुटी सुटी अक्षरं, प्रत्येक मोठ्या अक्षराखाली रेघ. त्या एकेक अक्षर मोठ्याने वाचत होत्या, "मोठा के, छोटा क्यू, सात, अधिक, तिरकी रेघ..." आणि वाचून झालेल्या अक्षरावर पेन्सिलीने बारीक टिंब देत होत्या. मी टाईप करत होते. तीन वेळा केलं. प्रत्येक वेळी ४४ अक्षरं, शेवटी इक्वल. प्रत्येक वेळी 'बॅड सेशन की'. तिसऱ्या वेळी बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाल्या, "माझ्याच हातून लिहिताना चुकलं असणार." कार्यवाह काकाही तेच धरून बसले होते, म्हणे तीन महिन्यांचा बॅकअप बाईंच्या अक्षरामुळे गेला. ते ऐकून मला इतकं वाईट वाटलं की कारण सापडेपर्यंत उठायचं नाही असं ठरवलं.

पहिला धागा मिळाला तो जुन्या बॅकअपमध्ये. जूनच्या आधीची फाईल जुन्या किल्लीने पहिल्या झटक्यात उघडली. ती किल्ली २४ अक्षरांची होती, शेवटी दोन इक्वल. दुसरा धागा असा, की स्क्रिप्टची स्वतःची 'तपासणी' रोज रात्री पास होत होती. म्हणजे स्क्रिप्टला बॅकअप उघडता येतो, माणसाला येत नाही. दोघांकडे वेगवेगळी किल्ली आहे, याशिवाय याचा दुसरा अर्थ निघत नाही.

मग स्क्रिप्ट 'बॅश'ला उणे एक्स देऊन चालवली. इथे सांभाळा. उणे एक्सने प्रत्येक ओळ किमतींसकट स्क्रीनवर पडते, पासवर्डसुद्धा. खरी किल्ली ठेवून हे करू नका. मी तेवढ्याच लांबीची खोटी किल्ली टाकली. आत गेलेल्या किमतीची लांबी छापली, ४३. फाईलमध्ये ४४.

आता तो अवघड पट्टा. तीच एक ओळ मी दोन तास बघत होते, कारण ती चुकीची दिसतच नाही. आयएफएस म्हणजे इक्वल, पुढे 'रीड', उणे आर, मग दोन व्हेरिएबल, नाव आणि किंमत. सगळ्यांना शिकवलं जातं की शेवटच्या व्हेरिएबलमध्ये उरलेलं सगळं जातं. तसं होत नाही. आयएफएसमधलं चिन्ह दोन फील्डांना वेगळं करतं असं आपण समजतो, पण शेल ते चिन्ह फील्ड संपल्याची खूण मानतं. 'किल्ली=अबक=' या ओळीत शेलला दोनच फील्ड दिसतात, 'किल्ली' आणि 'अबक'. व्हेरिएबल दोन, फील्ड दोन, हिशेब जुळला, शेवटची खूण टाकून दिली. 'किल्ली=अबक==' मध्ये मात्र दोन इक्वलांच्या मधे एक रिकामं फील्ड तयार होतं, फील्ड तीन होतात, व्हेरिएबलपेक्षा जास्त. मग शेल उरलेला मजकूर इक्वलांसकट जसाच्या तसा शेवटच्या व्हेरिएबलमध्ये ठेवतं. हा बॅशचा दोष नाही, नियमच तसा आहे. दोष आहे तो त्या नियमावर पासवर्ड सोपवण्यात.

आता बेस-६४ चं (बाइट अक्षरांत लिहायची पद्धत, आमच्या किल्ल्या तशाच लिहिलेल्या) गणित बघा म्हणजे जूनमध्येच का बिघडलं ते कळेल. बेस-६४ दर तीन बाइटांची चार अक्षरं करतं. शेवटी एक बाइट उरला तर दोन इक्वल लागतात, दोन उरले तर एक, काहीच उरलं नाही तर एकही नाही. जुनी किल्ली १६ बाइटांची, एक उरतो, म्हणून २४ अक्षरं आणि दोन इक्वल. नवी ३२ बाइटांची, दोन उरतात, म्हणून ४४ अक्षरं आणि एक इक्वल. किल्ली अधिक मजबूत करायला गेलो आणि नेमके त्या खड्ड्यात गेलो. ३२ बाइट हा आकडा बरेच जण वापरतात, म्हणून हा खड्डा मोठा आहे. नमुना कॉन्फिगमध्ये तर वर टीप होती की किमतीत कुठलंही चिन्ह चालतं. त्या टिपेवर विश्वास ठेवून मी हा भाग सगळ्यात शेवटी तपासला.

मी ४३ अक्षरं टाईप केली, शेवटचं इक्वल सोडून. बॅकअप उघडला. बाई काहीच बोलल्या नाहीत, फक्त तो कागद दोन्ही हातांनी उचलून पुन्हा एकदा वाचला. काका त्यांच्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर होतं." त्या दिवसाचा सगळा थकवा तिथेच उतरला.

दुरुस्ती. ओळ अख्खी वाचा, म्हणजे आयएफएस रिकामं ठेवा, आणि मग पॅरामीटर एक्स्पान्शनने (व्हेरिएबलमधला मजकूर कापायची शेलची सोय) तोडा. नावासाठी %%=* आणि किमतीसाठी #*= वापरा. चिन्हांची संख्या नीट बघा. किमतीला ##*= लावलंत तर शेवटच्या इक्वलपर्यंत सगळं कापलं जातं आणि आमच्यासारख्या किल्लीची किंमत रिकामी येते. 'कट'ने दुसरं फील्ड घेऊ नका, ते पहिल्या इक्वलनंतरचं पुढच्या इक्वलपर्यंतच देतं. कॉन्फिग सरळ 'सोर्स' करा असं बरेच जण सांगतील. माझं मत साफ नाही असं आहे. सोर्स म्हणजे त्या फाईलमधलं जे असेल ते चालवणं, आणि किमतीत डॉलर असला की त्याचंही भलतंच होतं. विंडोजवर फाईल उघडून सेव्ह केलीत तर ओळीच्या टोकाला सीआर हे न दिसणारं चिन्ह चिकटू शकतं, तेही इथेच काढा. शेवटच्या ओळीनंतर एंटर नसेल तर 'रीड' ती ओळ वाचतं पण अपयश कळवतं, आणि लूप ती ओळ न वापरताच संपतो. त्याचीही सोय करा. शेलचेक (स्क्रिप्टमधल्या चुका शोधणारा प्रोग्राम) चालवलं होतं, चांगलं साधन आहे, पण मूळ ओळीवर त्याने मला काहीही सांगितलं नाही. त्याच्या भरवशावर राहू नका.

दुसरा रविवार घरीच, पुल रिक्वेस्ट लिहिण्यात गेला. ते काम सोपं होतं. बॅट्समध्ये (बॅश स्क्रिप्टच्या चाचण्या लिहायचं साधन) चार चाचण्या लिहिल्या, शून्य, एक, दोन इक्वल आणि मधे इक्वल. मेंटेनरने, म्हणजे ती स्क्रिप्ट सांभाळणाऱ्याने, मात्र एक प्रश्न विचारला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. ज्यांचे बॅकअप आजवर ४३ अक्षरांनी बंद झालेत, त्यांचं अपडेट केल्यावर काय होणार? खरं होतं. माझी दुरुस्ती तशीच गेली असती तर अशा प्रत्येकाचे जुने बॅकअप स्क्रिप्टलाही उघडता आले नसते. आता उघडताना आधी पूर्ण किल्ली लावली जाते. ती लागली नाही आणि शेवटी एकटं इक्वल असेल, तर ते काढून पुन्हा लावली जाते आणि तशी सूचना छापली जाते. बंद करताना मात्र नेहमी पूर्णच. चार दिवसांत मर्ज झालं.

तुम्ही अशी कुठलीही स्क्रिप्ट वापरत असाल तर आज एक करा. कपाटातला कागद काढा, दुसऱ्या मशीनवर बसा, कॉन्फिग फाईलला हात न लावता नुसत्या कागदावरून एक बॅकअप उघडून बघा. उघडला नाही आणि किल्लीच्या शेवटी एक इक्वल असेल, तर ते सोडून टाईप करा.

वाचनालयाच्या लिफाफ्यात आता त्याच पानावर बाईंनी खाली दोन ओळी वाढवल्यात. अपडेट केल्याची तारीख, त्याआधीच्या फायलींना ४३ अक्षरं, नंतरच्यांना ४४. आणि शेवटच्या इक्वलभोवती पेन्सिलीने गोल.