बीपी-शुगर तपासता, मग तोंडही नीट तपासा

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची बीपी-शुगरबरोबर, तोंडाचा कर्करोग वेळीच कळावा म्हणून दर पाच वर्षांनी तोंडाचीही तपासणी करायची, असं असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ठरलेलंच आहे. आशाताई घरोघरी भरतात त्या सीबॅक फॉर्ममध्येही (आजारांचा धोका ओळखण्याची प्रश्नावली) तोंड उघडायला त्रास होतो का, दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का, हे प्रश्न आहेत. त्यामुळे नवी योजना कशाला हवी? आहे तीच नीट राबवा. बीपी-शुगरला निदान आकडा लिहावा लागतो. तोंडाच्या रकान्यात टॉर्च मारून, ‘आ करा’ म्हणून ‘नॉर्मल’ लिहिलं की काम संपतं.

पण तंबाखूचा बार जिथे धरतात, ती ओठ-गाल आणि हिरडीमधली खाच नुसतं ‘आ’ करून दिसत नाही. आधी चूळ भरायला लावा, कवळी असेल तर काढायला सांगा. हातमोजे घालून दोन्ही ओठ उलटून पाहा, गाल बाहेर ओढून खाच शेवटच्या दाढेपर्यंत बघा. जीभ गॉजने धरून दोन्ही कडा तपासा, मग जिभेखालची जागा आणि टाळू. पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, दोन आठवड्यांहून जुनी जखम दिसली तर पुढे पाठवा. रुग्णाची स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तरीही पाठवा. सुपारी-गुटख्याने तोंड आखडत जातं ते असंच कळतं.

‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मिश्री लावणारी बाई ‘नाही’ म्हणते आणि ते खोटं नसतं. ती मिश्रीने, म्हणजे भाजलेल्या तंबाखूच्या पुडीने, दात घासते. म्हणून मिश्री वेगळी विचारा, विदर्भात खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) विचारा. शुगरच्या रुग्णाला हिरड्यांतून रक्त येतं का, हेही विचाराच. हिरड्यांचा आजार आणि मधुमेह एकमेकांना बळ देतात.

केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी अशी तपासणी केली, तेव्हा तंबाखू-दारूचं व्यसन असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. 2005 मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आपल्याकडे घोडं अडतं ते पुढे पाठवण्याच्या चिठ्ठीपाशी. प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुधा दंतवैद्य नसतो. ग्रामीण रुग्णालयात जायचं तर एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. चिठ्ठीवर दंतवैद्याचा वार लिहा, तो बीपी-शुगरच्या गोळ्या मिळतात त्याच दिवशी ठेवा, आणि न गेलेल्यांची यादी आठवड्याने आशाताईंच्या हातात द्या.