दोन ‘दुसऱ्या’ आणि एक रेप्र

मराठी मजकुरात कोणता शब्द किती वेळा येतो हे मोजणारी एक छोटी पायथन स्क्रिप्ट मी सध्या रात्री बसून लिहितेय. तिच्यात एकच क्लास (ऑब्जेक्ट बनवायचा साचा) आहे, ‘शब्द’ नावाचा. पायथन ३ मध्ये क्लासचं नाव देवनागरीत ठेवता येतं, आणि मला त्याचं अजूनही अप्रूप वाटतं. प्रत्येक शब्दाजवळ दोन गोष्टी असतात: रूप आणि संख्या.

परवा दोन फाइली एकत्र केल्या आणि ‘दुसऱ्या’ हा शब्द यादीत दोनदा आला. मोजणी डिक्शनरीत, म्हणजे ‘की’ (इथे शब्द) आणि तिची किंमत अशा जोड्यांत होते, आणि डिक्शनरीत एकच ‘की’ दोनदा असूच शकत नाही. म्हणून यादी प्रिंट करून पाहिली, तर सगळीकडे ‘शब्द ऑब्जेक्ट, अमुक पत्त्यावर’. क्लासमध्ये रेप्र (__repr__), म्हणजे ऑब्जेक्ट प्रोग्रामरला कसा दाखवायचा हे ठरवणारी मेथड, लिहिली नसेल तर मुळातली मेथड चालते, आणि तिला क्लासचं नाव आणि ऑब्जेक्टचा मेमरीतला पत्ता यापलीकडे काही सांगता येत नाही.

इथे स्ट्र (__str__, वाचणाऱ्यासाठीचं रूप देणारी मेथड) न लिहिता रेप्र लिहायची. मी सुरुवातीला कायम स्ट्रच लिहायचे. एकटा ऑब्जेक्ट प्रिंट केला की छान दिसायचा, पण लिस्टमध्ये घातला की पुन्हा ते पत्ते. लिस्ट आणि डिक्शनरी आपल्या आतल्या वस्तू दाखवताना रेप्रलाच विचारतात, स्ट्रला नाही. उलट, स्ट्र नसेल तर प्रिंट रेप्रवर भागवतो. एकच मेथड लिहायची असेल तर रेप्रच लिहावी, याबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही.

तर एफ-स्ट्रिंग (महिरपी कंसात लिहिलेल्या गोष्टीची किंमत मजकुरात भरणारी स्ट्रिंग) वापरून एका ओळीची रेप्र लिहिली. उत्तर आलं: शब्द(दुसऱ्या, ४१) आणि शब्द(दुसर्‍या, ७). कितीही निरखून पाहिलं तरी मला दोन्ही सारखेच दिसत होते. अर्धा तास मी मोजणीच्याच कोडमध्ये चूक शोधत होते.

चूक रेप्रमध्ये होती. महिरपी कंसात मी नुसतं रूप लिहिलं होतं, त्यामुळे आतली स्ट्रिंग स्ट्रच्या वाटेने आली. कंसात रूपापुढे उद्गारचिन्ह आणि ‘आर’ जोडला की त्या स्ट्रिंगची स्वतःची रेप्र येते, अवतरणचिन्हांसकट, आणि डोळ्यांना न दिसणारी अक्षरं उघडी पडतात. ‘४१’वाला शब्द जसाच्या तसा राहिला. ‘७’वाल्यात मात्र ‘दुसर्’ आणि ‘या’ यांच्या मधोमध उलटी तिरकी रेघ आणि ‘यू२००डी’ उभं होतं. झिरो विड्थ जॉइनर, शेजारची अक्षरं कशी जोडायची हे सांगणारं अदृश्य चिन्ह! रुंदी शून्य, पण अक्षर म्हणून पुरेपूर मोजलं जाणारं.

आपला हा अर्धा र युनिकोडमध्ये (संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाणकात) दोन प्रकारे लिहिलेला सापडतो. एकात खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि हा जॉइनर. पहिला प्रकार युनिकोडने सुचवलेला, दुसरा जुन्या मजकुरासाठी चालू ठेवलेला. एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लेखनं एकसारखी करणं, मी आधीपासून करत होते, पण ते या दोघांना एक करत नाही. मोजण्याआधी दुसरा प्रकार पहिल्यात बदलणारी ओळ हातानेच घालावी लागली.

त्याच रात्री क्लासही डेटाक्लास (नुसती फील्ड, म्हणजे ऑब्जेक्टमधल्या गोष्टी, सांगितल्या की नेहमीच्या मेथड आपोआप लिहून देणारा क्लास) करून टाकला. पायथन ३.७ पासून, म्हणजे २०१८ पासून, ही सोय आहे. रेप्र आपोआप तयार होते, फील्डच्या नावांसकट, आणि प्रत्येक किमतीची रेप्रच वापरते. शब्द ज्या वाक्यांत सापडला त्यांची लिस्टही आता मी ऑब्जेक्टमध्ये ठेवते. ते फील्ड मात्र रेप्रमधून वगळलंय, नाहीतर एका शब्दासाठी स्क्रीनभर वाक्यं येतात.

स्क्रिप्ट पुन्हा चालवली. शब्द(रूप='दुसऱ्या', संख्या=४८). एकदाच.