ऑनग्रीड सोलरला बॅटरी: भर दुपारी लाइट घालवून घेतलेली चाचणी

पॅनल तेच, जुना ऑनग्रीड इन्व्हर्टर तोच, आणि लाइट गेली तरी आता घर चालतं. दापोलीच्या आमच्या छपरावर ५४० वॉटचे ६ पॅनल आणि ३ किलोवॉटचा इन्व्हर्टर आहे. त्याला बॅटरी जोडायचं काम इथवर आलंय. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. अशा वेळी नुसतं ऑनग्रीड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट ग्रीडला (महावितरणच्या लाइनला) जोडलेलं सोलर कामाला येत नाही. ग्रीड गेलं की त्या इन्व्हर्टरने बंद व्हायचंच असतं, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छपरावरची वीज मारेल.

पॅनल आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणून जुना उतरवणं सुटसुटीत होतं, पण चांगला चालणारा इन्व्हर्टर काढायला मन धजेना. म्हणून एसी कपलिंग केलं, म्हणजे सोलर इन्व्हर्टर आणि वेगळा बॅटरी इन्व्हर्टर घरातल्या एसी लाइनवरच एकमेकांना जोडले. ४८ व्होल्टचा ५ केव्हीएचा बॅटरी इन्व्हर्टर ग्रीड गेल्यावर स्वतःचे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ तयार करतो. सोलर इन्व्हर्टरला वाटतं ग्रीड परत आलं, आणि साधारण मिनिटभराने तो पुन्हा सुरू होतो. त्यासाठी सोलर इन्व्हर्टरची आउटपुट केबल मेन डीबीतून (वीज वाटणाऱ्या पेटीतून) काढून बॅकअपच्या वेगळ्या डीबीत आणली. जनरेशन मीटर आणि त्याचं सील जिथल्या तिथे आहे. वायरिंगला हात लावण्याआधी महावितरणच्या ऑफिसात कळवलं होतं. तुम्हीही कळवाच.

बॅटरी किती घ्यायची हे ठरवताना बहुतेक जण रात्रीचा लोड मोजतात. एसी कपलिंगमध्ये आधी दुपार मोजा. लाइट नाही, घरात फक्त पंखे आणि फ्रिज, आणि छपरावरून ३ किलोवॉट येतायत, तर ते सगळं बॅटरीत घुसणार. ४८ व्होल्टच्या म्हणवल्या जाणाऱ्या लिथियम पॅकच्या प्रत्यक्ष ५१.२ व्होल्टला ते जवळपास ५८ अँपिअर होतात. १०० एएचच्या (अँपिअर-अवरच्या) बऱ्याच लिथियम आयर्न फॉस्फेट पॅकना चार्जिंग ५० अँपिअरपर्यंतच ठेवायला सांगतात. एकच पॅक असेल तर बीएमएस (पॅकमधलं बॅटरी सांभाळणारं सर्किट) ऐन दुपारी ट्रिप होईल आणि घर अंधारात. म्हणून दोन पॅक समांतर जोडले, एकूण १०.२४ युनिट. आणि बॅटरी इन्व्हर्टर सोलर इन्व्हर्टरपेक्षा लहान कधीच घेऊ नका.

आता खरी चाचणी. पॅक जवळपास भरलेले, ऊन कडक, आणि मेन एमसीबी खाली पाडला. पंखा अडखळलाही नाही. मिनिटभराने सोलर सुरू होऊन ४० अँपिअरच्या आसपास करंट बॅटरीत जायला लागला. मल्टिमीटर हर्ट्झवर लावून बसलो होतो. पॅकचं व्होल्टेज ५५.२ ला टेकलं, म्हणजे १६ सेलच्या पॅकमध्ये सेलमागे ३.४५, तसं सोलरला थांबवण्यासाठी बॅटरी इन्व्हर्टरने फ्रिक्वेन्सी वर ढकलायला सुरुवात केली: ५०.१, ५०.३, मग ५०.५ ओलांडली आणि सोलर इन्व्हर्टर टक्कन सुटला, म्हणजे बंद पडला. घराचा भार बॅटरीने उचलला, फ्रिक्वेन्सी ५० वर आली, मिनिटभराने सोलर परत. मग पुन्हा तेच चक्र.

फ्रिक्वेन्सीप्रमाणे सोलर हळूहळू कमी व्हावं, अशी माझी इच्छा आहे. पण ५०.५ ला सुटणं हे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांतलं आहे, आणि तेच सेटिंग ग्रीड असतानाही लागू असतं. ते मी बदलणार नाही. बॅटरी भरलेली असताना सोलर अधूनमधून सुटलं तर चालेल, तेवढी जागा दोन पॅकमध्ये आहे.

न्यूट्रलकडे मात्र नीट लक्ष द्या. ग्रीड तुटल्यावर आपला न्यूट्रल कुठेच अर्थला जोडलेला राहत नाही. तो जोडणारा रिले बॅटरी इन्व्हर्टरमध्ये असावा लागतो, नाहीतर गळतीच्या करंटला परतीची वाटच नाही आणि आरसीसीबी (गळती झाली की लाइट तोडणारा स्विच) पडणारच नाही. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून हे कळत नाही, कारण बटणाचा करंट फेज ते न्यूट्रल असा आतल्या आतच फिरतो. मेन बंद ठेवून न्यूट्रल आणि अर्थमध्ये व्होल्टेज मोजा. माझ्याकडे १ व्होल्टच्या आत आलं. रिले नसता तर मीटरने सहज शंभराच्या आसपास आकडा दाखवला असता. त्याच वेळी बाहेरून येणारी सर्व्हिस केबल पूर्ण मेली आहे ना, तेही तपासा. वायरमनचा जीव त्यावर आहे.

दुपारचं जास्तीचं जिरवायला गिझर लावा असं बरेच जण सुचवतात. हिशोब करून पाहिला: १५ लिटर पाणी २५ वरून ६५ अंशांवर न्यायला जेमतेम ०.७ युनिट लागतं, मग थर्मोस्टॅट बंद. त्यापेक्षा विहिरीचा १ एचपीचा पंप बरा. मे महिन्यात दुरुस्तीसाठी लाइट जाते तेव्हाच वाडीला पाणी हवं असतं, आणि पंप तासन्‌तास किलोवॉटभर खात राहतो. अडचण सुरुवातीच्या झटक्याची आहे, कारण चालू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. पंप अजून ग्रीडच्या बाजूलाच आहे. इनरश, म्हणजे हा सुरुवातीचा झटका पकडणारा क्लॅम्प मीटर मागवलाय. तो आला की आधी ग्रीडवर आकडा घेईन, आणि ५ केव्हीएच्या इन्व्हर्टरला तो झटका पेलणार असेल तरच पंपाची केबल बॅकअप डीबीत आणीन.